होय कीं नाहीं?

संगणकास एकामागून एक द्यावयाच्या आज्ञा एका फाइलींत लिहून ठेवल्या, म्हणजे ती बॅच फाइल सारें काम बिनबोभाट उरकते. परंतु त्यांत जुन्या फायली पुसून टाकण्याची आज्ञा असेल, तर हाच आज्ञाधारकपणा घातक ठरतो. अशा आज्ञेपूर्वीं मनुष्याची संमति घेतां यावी, म्हणून 1993 सालीं निघालेल्या एम्‌एस-डॉस 6.0 मध्यें ‘चॉइस’ ही आज्ञा आली. ती पडद्यावर प्रश्न मांडते आणि होकाराची ‘वाय’ किंवा नकाराची ‘एन्’ ही कळ दाबली जाईपर्यंत थांबते. होकाराबद्दल 1 व नकाराबद्दल 2 हा अंक ती मागें ठेवते. ‘इफ एररलेव्हल’ या शब्दांनीं पुढें त्याची चौकशी होते.

खरी मेख येथेंच आहे. ‘एररलेव्हल 1’ याचा अर्थ ‘1 किंवा अधिक’ असा होतो. म्हणून 1 ची चौकशी आधीं केली, तर नकाराचा 2 हि तींत सामावतो आणि ‘नाहीं’ म्हणणाराच्याहि फायली पुसल्या जातात! यास्तव प्रथम 2 ची चौकशी करून नकाराची वाट वेगळी काढावी. कोणीं उत्तरच न दिलें तर? त्यासाठीं मुदत घालतां येते. ती संपतांच गृहीत धरावयाचें उत्तर मात्र ‘नाहीं’ हेंच असावें. मौन म्हणजे संमति, हा व्यवहारांतला संकेत येथें चालवूं नये.