वृत्तपत्रांतील शुभ आणि अशुभ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण, संक्षेपाने)



वर्तमानपत्र उघडावे तो अपघात, अफरातफर आणि खून. जगात चांगले काही घडतच नाही काय, असा प्रश्न आपल्या मंडळाच्या वाचनालयात नेहमी ऐकू येतो. आम्ही केंद्र सरकारचे सेवक. कात्रणांचा गठ्ठा रोज आमच्या मेजावर येतो आणि त्यांतील बहुतेक कात्रणे तक्रारीचीच असतात. तेव्हा या प्रश्नामागील खंत आम्हांस परकी नाही. परंतु त्यावर निम्म्या बातम्या चांगल्या व निम्म्या वाईट छापाव्यात, असा जो तराजूचा उपाय सुचविला जातो, तो मात्र आम्हांस मान्य नाही. त्याचे कारण दोन दुष्काळांच्या आधारे सांगू.

पहिला १९४३ सालचा बंगालचा. युद्धाचे दिवस होते, वृत्तनियंत्रण कडक होते आणि सरकारने दुष्काळ संहितेनुसार दुष्काळ जाहीरच केला नाही. कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे अन्नान्न करीत प्राण सोडीत होती. अखेर २२ ऑगस्ट १९४३ रोजी, इयान स्टीफन्स संपादक असताना, 'स्टेट्समन'ने उपासमारीची छायाचित्रे छापली. हे पत्र इंग्रजांच्या मालकीचे. त्याने सरकारद्वेषापोटी असे केले, असे कोणी म्हणू शकत नव्हते. ऑक्टोबरात नवे व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल स्वतः कलकत्त्यास गेले व मदतकार्यास लष्कर जुंपले गेले. पण तोवर फार उशीर झाला होता. मृतांची संख्या सरकारी चौकशी आयोगानेच सुमारे १५ लाख धरली; पुढील अभ्यासकांचे अंदाज दुपटीपर्यंत जातात. अशुभ वार्ता दडपण्याची ही किंमत होय.

दुसरा दुष्काळ १९७२ सालचा, आपल्या महाराष्ट्रातला. या वेळी वृत्तपत्रे मोकळी होती आणि विधिमंडळात जाब विचारला जात होता. आटलेल्या विहिरी, कवडीमोलाने विकलेली गुरे, खडी फोडणारे शेतकरी हे सारे लोकांपुढे येत राहिले. सरकारला कामे काढावीच लागली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, पण बंगालची पुनरावृत्ती झाली नाही. मोकळी वृत्तपत्रे असलेल्या लोकशाहीत मोठा भूकबळींचा दुष्काळ पडत नाही, असे अमर्त्य सेन यांनी प्रतिपादन केले आहे, ते याच अनुभवाशी जुळते.

मात्र कथा येथे संपत नाही. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमीचा महाराष्ट्रात १९७७ साली कायदा झाला, १९७९ पासून तो अमलात आला आणि २००५ साली संसदेने देशासाठी तसाच कायदा केला. ही शुभ वार्ता त्याच अशुभ वार्तेच्या पोटी जन्मली. परंतु तिला तेहतीस वर्षे लागली. संकट एका दिवसात कोसळते, म्हणून ते पहिल्या पानावर येते. सुधारणा मुंगीच्या पावलांनी येते. तिला ठळक मथळ्याजोगी एक तारीख नसते.

म्हणून खरा समतोल पाठपुराव्यात आहे, असे आम्ही मानतो. विहीर आटल्याची बातमी देणाऱ्याने वर्षाने त्याच गावी पुन्हा जावे. पाणी आले असेल तर तेही छापावे, नसेल तर तेही. कालव्याच्या उद्घाटनाचे वृत्तही तितक्याच कठोरपणे तपासावे. फीत कापली, पण शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचले काय? सरकारी सेवकास असे प्रश्न अडचणीचे वाटतात खरे, पण आमच्या फायलींना जाग येते ती त्यांनीच.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस गावाकडचे सुखदुःख बव्हंशी बातमीवरूनच कळते. अर्ध्या बातमीवर आपण आपल्याच मुलुखाविषयी मत बनवू नये. संपादकांना 'चांगले छापा' असे लिहिण्यापेक्षा 'पुढे काय झाले?' असे विचारणारे पत्र धाडावे, एवढीच आमची विनंती आहे.