पावती मागा
(कातकरी वस्तीवरील बैठकीत केलेले भाषण)



गावचा नळ आणि दिवाबत्ती कुणाच्या पैशावर चालते? काही पैसा सरकारी अनुदानाचा. बाकीचा आपल्या घरपट्टीचा, पाणीपट्टीचा, दाखल्यांच्या फीचा. तलाठी भाऊसाहेब शेतसाऱ्याबरोबर जिल्हा परिषदेचा उपकरही वसूल करतात.

सातारा आणि सांगली अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत. त्यामुळे पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतून थेट मिळणारा 5 टक्के निधी आपल्या वाड्यांना मिळत नाही. मग ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नावरच आपली भिस्त. त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. त्यात आपणही आलो.

घरपट्टीचा बोजा वाटतो, खरे आहे. पण ज्या झोपडीची नमुना 8 ला नोंदच नाही, ती गावच्या हिशेबातही नाही. आधी नोंद करून घ्या.

एका वस्तीवर दाखल्यासाठी बायांकडून पैसे घेतले, पावती दिली नाही. असा पैसा गावाच्या हिशेबात दिसत नाही.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, असे बजावले होते. आपणही ठरलेले तेवढे भरू या, पावती घेऊ या आणि ग्रामसभेत उभे राहून विचारू या: आमच्या वाट्याचे 15 टक्के कुठे खर्च झाले?