हवेतल्या झडतीला पंच कोण?

मंडळी, आधी तो मांडवावरचा ड्रोन खाली घ्यायला सांगा. संयोजकांनी हौसेनं लावलाय, ठाऊक आहे. पण ज्याच्याशी भांडायला उभा राहिलो तेच डोक्यावर घरघरत असताना मला बोलता येणार नाही. उतरला? बरं.

संमेलनाच्या अध्यक्षानं साहित्यावर बोलावं असा रिवाज आहे. मी न्हाणीवर बोलणार आहे. आमच्या मळ्यातली न्हाणी म्हणजे चार बांबू, तीन बाजूंनी युरियाच्या गोण्या, चौथ्या बाजूला जुन्या लुगड्याचा पडदा आणि खाली फरशी. सांडपाणी केळीला. छप्पर नाही, कधी लागलंच नाही. आईनं तिथं जन्म काढला. बांधावरून जाणारा गडी लांबूनच खाकरायचा आणि मान वळवून पुढं जायचा. शहरातले शहाणे सांगतात, खासगीपणा हे खूळ तुमच्या खेड्यातलं नव्हे. अरे, आडोसा हा शब्द आम्ही काय विलायतेहून आणला?

2024 च्या पावसाळ्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या आभाळात रात्रीचे दिवे फिरायला लागले. चोर टेहळणी करतात म्हणून गावंच्या गावं जागली, पोरं काठ्या घेऊन वेशीवर बसली. तेव्हा एक पोलीस साहेब आम्हाला म्हणाले, घाबरू नका, आता आमचाही ड्रोन फिरेल. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि त्याची मला आज लाज वाटते. कुणाचा ड्रोन न्हाणीवर फिरतो म्हणून आपण चिडलो होतो, आणि मागून काय आणलं? दुसरा ड्रोन!

लगेच कुणीतरी बिबट्या पुढं करील. उसात बिबट्या हुडकायला वनखात्यानं उष्णता टिपणारा ड्रोन उडवावा, मी स्वतः चहा घेऊन जाईन. 2025 मध्ये शेजारच्या पिंपरखेडला बिबट्यानं लेकरं मारली, ते विसरण्याइतका मी पुस्तकी नाही. पण बिबट्या सापडला की तो ड्रोन पेटीत जातो. पोलिसांचा कधी जाणार, ते सांगा. आज मोर्च्यावर, उद्या यात्रेवर, परवा ज्याच्याशी वाकडं त्याच्या गच्चीवर.

पोलिसाला माझ्या घराची झडती घ्यायची तर गावातले पंच लागतात, पंचनामा लागतो. बाईची झडती बाईनंच घ्यायची, मर्यादा राखून. हे इंग्रजानंसुद्धा 1898 च्या संहितेत लिहून ठेवलं होतं. मग हवेतल्या झडतीला पंच कोण? 2021 ची ड्रोन नियमावली वाचा. नोंदणी आहे, उंची आहे, हिरवं-पिवळं-लाल क्षेत्र आहे. कॅमेऱ्यात आलेला माणूस मात्र त्यात हरवलाय. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 चा विदा संरक्षण कायदा आला, तर त्यात अधिसूचना काढून सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय ठेवली. कुलूप लावायचं आणि किल्ली चौकटीवर ठेवायची! तिकडं फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं मे 2020 मध्ये, ऐन साथीत, पॅरिसच्या पोलिसांचा टाळेबंदीवरचा ड्रोन-पहारा थांबवला. साथीत थांबवता येतो, तर आपल्या यात्रेत का नाही?

आपल्या नाणेघाटात तो दगडी रांजण आहे ना, जकातीचा म्हणतात तो. राज्य वसुली करायचं ते भर वाटेवर, चढणाऱ्या-उतरणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. पोलिसांच्या मेमरी कार्डात आमचं काय-काय पडतं, ते कुणाच्या डोळ्यांदेखत?

म्हणून ठराव लिहूनच आणलाय. जिवावरचा प्रसंग सोडून वस्तीवर ड्रोन उडवायचा तर दंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. कधी, कुठं, कशासाठी उडवला, हे नंतर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावं. गुन्ह्याशी संबंध नसलेलं चित्रण तीस दिवसांत पुसावं, आणि पुसल्याच्या नोंदीवर गावच्या दोन पंचांच्या सह्या असाव्यात, त्यातली एक बाई.

शेजारून कानात सांगतायत की पहिल्या रांगेत पोलीस खात्यातले पाहुणे बसलेत, जरा जपून. बसलेत ते मी पाहिलंय. म्हणूनच त्यांच्यासमोर बोलतोय, आधी खाकरून. बोला, अनुमोदन कोण देतंय?