काकाआजोबांचा नंबर

टावर चौकातल्या आमच्या घरी काकाआजोबांबद्दल एवढंच ठाऊक होतं: लढाईवर गेले, परत आले नाहीत. तिथी माहीत नाही म्हणून आजी सर्वपित्रीला त्यांचं पान वाढायची.

तिच्या ट्रंकेत त्यांचं पत्र सापडलं. त्यावर नंबर आणि पलटण, मराठा लाइट इन्फन्ट्री. नंबर हीच किल्ली! पलटणीचं केंद्र बेळगावला. पण युद्धात पडलेल्यांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे. तिथे नाव निघालं, तारखेसकट: इटली, १९४४, कॅसिनो स्मारक. १० जुलै १९४४ ला पडलेल्या व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या नाईक यशवंत घाडग्यांचंही नाव तिथेच आहे.

तारखेवरून पंचांगात तिथी काढली. यंदा पान त्या तिथीला. आजी मात्र नाही. मंडळी, आपापल्या ट्रंका वेळेत उघडा.