जुन्या मोटारसायकलीचे शॉकअप

श्रोतेहो, म्हैसूरला 1961 पासून जावा गाड्या बनू लागल्या. त्यांतलीच एक वडिलांची, आमच्या पिंपळे गुरवच्या घरी आजही चालते. ब्रेक दाबला की ती पुढून फार खाली बसायची. मी पुढच्या शॉकअपमध्ये टणक स्प्रिंगा घातल्या. खाली बसणे थांबले. पण खडीच्या वळणावर चाक उडू लागले आणि मुलीला मागे घेऊन मी रस्त्याखाली उतरलो. दैवाने खरचटण्यावर निभावले.

चूक कुठे झाली? स्प्रिंग धक्का झेलते खरी, पण तो परतही करते. ती उसळी आवरते आतले तेल. बारीक छिद्रांतून जाताना ते धक्क्याची उष्णता करून टाकते. गुरुजी, वर्गात हे सहज दाखवता येईल. बिनसुईची पिचकारी एकदा पाण्याने भरा, एकदा गोडेतेलाने, आणि मुलांना दट्ट्या दाबायला सांगा. फरक हातालाच कळेल.

तेव्हा सुधारणा करायची तर क्रमाने करा. आधी पाइप वाकलेत का, गंजलेत का, ते पाहा. मग ऑइल सील बदला, दोन्ही बाजूंना योग्य जाडीचे तेल सारखे मोजून घाला. स्प्रिंगेचा विचार शेवटी, आपल्या वजनाप्रमाणे. स्वार बसल्यावर शॉकअप एकूण चालीच्या पाव ते तिसरा हिस्सा दबावा.

मंडळी, चाक जमिनीला टेकलेले असेल तरच गाडी वळते आणि थांबते. उडणारे चाक यांतले काहीच करीत नाही.