मदत सातासमुद्रापलीकडची, दार आपले
(विश्वस्त मंडळाच्या वार्षिक सभेत रुग्णालय व्यवस्थापकांनी केलेल्या निवेदनाचा मजकूर)



रुग्णालयाचा वार्षिक जमाखर्च आपल्यासमोर सादर झालेलाच आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे. आयुष्य आकड्यांत गेले. आज मात्र ताळेबंदात ज्याला रकाना नाही, अशा एका बाबीविषयी बोलण्याची अनुमती घेतो. बारामती व इंदापूर तालुक्यांतील पारधी वस्त्यांमधील आणि ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणाऱ्या भिल्ल कुटुंबांमधील माता व बालके, ही ती बाब होय.

आपल्या भागाला परकीय मदत नवी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ ख्राईस्ट’च्या मिशनने बारामती परिसरात काम उभारले. १९६० च्या दशकातील दुष्काळात ‘कासा’ या संस्थेने दिलेल्या धान्याच्या मोबदल्यात येथे पाझर तलाव खोदले गेले. १९७२ च्या दुष्काळातील मिलो आणि सुकडी तर येथील ज्येष्ठांच्या अद्याप स्मरणात असेल. धान्य खाऊन संपले. तलाव मात्र राहिले. मदतीचे मोल कशात असते, याचा हा धडा आपल्या मातीतच आहे.

आरोग्याच्या क्षेत्रात हाच धडा शेजारच्या जामखेडने दिला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे काम सुरू केले. परदेशातून मिळालेल्या साहाय्याला त्यांनी गावातील अल्पशिक्षित स्त्रियांच्या कौशल्याची जोड दिली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरोघरी जाऊन काळजी घेण्यास शिकवले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. रुग्णालयात प्रसूती झाल्यास अशा सहा भेटी अपेक्षित असतात.

परंतु गृहभेटीसाठी आधी गृह लागते. पारधी समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींमध्ये मोडतो. ज्या कायद्याने त्याच्यावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो १९५२ मध्ये रद्द झाला. तरी गणवेशाची आणि कागदाची धास्ती अजून गेलेली नाही. ऊसतोडीची गरोदर बाई तर दिवाळीच्या सुमारास गाव सोडते. तिची नोंद गावाकडच्या उपकेंद्रात आणि ती स्वतः माळेगाव वा भवानीनगरच्या फडात, अशी स्थिती असते. नववा महिना भरतो तो कोपीत.

येथे आमच्याच एका चुकीची कबुली देणे आम्ही कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी इंदापूरकडच्या एका पालावरून आठव्या महिन्यातील एक स्त्री आपल्या बाह्यरुग्ण विभागात आली. पायांना सूज होती, डोके दुखत होते. खिडकीवर तिच्याकडे शिधापत्रिका आणि पत्ता विचारण्यात आला. तिच्याजवळ दोन्ही नव्हते. ती निमूटपणे परत गेली. पाचव्या रात्री तिला झटके येत असताना आणण्यात आले. डॉक्टरांनी शर्थ केली. आई वाचली, मूल गेले. ज्या खिडकीवरून ती परतली, ती आमच्या अखत्यारीतील होती. तिचा रक्तदाब पहिल्या दिवशीच मोजला गेला असता तर, हा प्रश्न आम्हांला आजही सोडत नाही. तेव्हापासून ‘आधी तपासणी, मग कागद’ हा नियम आम्ही खिडकीवर लावला आहे आणि पाळतो आहोत.

आता पैशाविषयी. परदेशी देणग्यांवर अवलंबून राहण्याचे दिवस सरत आहेत. विदेशी देणग्यांसंबंधीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे असा निधी वळवण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेमार्फत लहान संस्थेपर्यंत येणारा ओघ त्यामुळे थांबला. अमेरिकेच्या ‘यूएसएड’नेही १ जुलै २०२५ रोजी आपला मदतकार्याचा कारभार आटोपला.

धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. या निधीतून दारापर्यंत आलेल्या रुग्णाचा उपचार होतो. पालावर आणि कोपीवर जाणाऱ्या परिचारिकेचा खर्च त्यातून भागत नाही.

म्हणून आमची विनंती लहान आहे. नव्या इमारतीसाठी नव्हे, तर फिरत्या परिचारिकेचे वेतन, रात्रीच्या वाहनाचे इंधन, रक्तदाब व हिमोग्लोबिन तपासणीची साधने आणि लोहाच्या गोळ्या यांसाठी आपण दरवर्षी नेमाने काही रक्कम द्यावी. या दानाची कोनशिला बसणार नाही, तिच्यावर नाव कोरले जाणार नाही. पण वस्तीवरच्याच एखाद्या मुलीला धोक्याची लक्षणे ओळखता आली, तर ते ज्ञान पाझर तलावासारखे तेथेच मुरेल.