रोजचे पान, रोजचे पत्र : लायनस पॉलिंग यांचा पत्रव्यवहार आणि अणुचाचण्यांविरुद्धची स्वाक्षरी मोहीम



निमंत्रणपत्रिकेत प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाचा विषय ‘रसायनशास्त्रातील संधी’ असा छापलेला असला, तरी ज्या संस्थेत वक्त्याचे स्वतःचे शिक्षण झाले तिच्या व्यासपीठावरून संधींची यादी वाचून दाखवण्यापेक्षा एका रसायनशास्त्रज्ञाच्या रोजच्या लेखनाची हकिकत मांडणे अधिक उपयोगाचे ठरेल. हा शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेचे लायनस पॉलिंग (१९०१–१९९४). रसायनशास्त्राचे १९५४ चे आणि शांततेचे १९६२ चे अशी दोन नोबेल पारितोषिके त्यांना मिळाली, आणि दोन्ही पारितोषिके कोणाबरोबरही न वाटून घेता मिळालेली आजवरची ती एकमेव व्यक्ती आहे. ही दोन पारितोषिके दोन वेगळ्या आयुष्यांची नव्हती. एकाच टेबलावर, एकाच हाताने रोज चालणाऱ्या लेखनातून ती दोन्ही आली, हे या भाषणाचे प्रतिपादन आहे.

शास्त्राविषयी थोडक्यात सांगायचे तर, अणू एकमेकांना धरून का राहतात, म्हणजे रासायनिक बंध कसा घडतो, याचे उत्तर पॉलिंग यांनी पुंजभौतिकीच्या, अर्थात अणूच्या अंतरंगातील गतीचे नियम सांगणाऱ्या शास्त्राच्या आधारे दिले आणि १९३९ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. अकरावीच्या पुस्तकातील विद्युतऋणतेचे कोष्टकही मुळात त्यांचेच. सिकलसेल हा आजार रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषामुळे होतो, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले, आणि गडचिरोली–नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांना आज ज्या तपासणीचा उपयोग होतो तिच्या पायाशी हाच शोध आहे. १९४८ च्या वसंतात ऑक्सफर्डमध्ये सर्दीने अंथरुणाला खिळलेले असताना रहस्यकथा वाचून कंटाळलेल्या पॉलिंग यांनी एका कागदावर प्रथिनाची साखळी काढली, ठरावीक अणूंच्या जागी तो कागद दुमडत नेला आणि साखळी नळीसारखी वळताच प्रथिनांमधील ‘अल्फा हेलिक्स’ या सर्पिलाकार रचनेचा त्यांना उलगडा झाला. हा शोध प्रसिद्ध झाला मात्र १९५१ मध्ये. एक कागद, एक पेन्सिल आणि मोजमाप पक्के ठाऊक असलेले डोके, एवढ्या सामग्रीवर हे घडले, ही गोष्ट प्रयोगशाळेत उपकरणे अपुरी असल्याची खंत वाटणाऱ्या समोरच्या विद्यार्थ्यांनी जरूर ध्यानात घ्यावी.

पॉलिंग यांच्या चरित्रात पत्राचे स्थान त्यांच्या बालपणापासून दिसते. ओरेगन राज्यात औषधांचे दुकान चालवणाऱ्या त्यांच्या वडिलांनी १९१० मध्ये ‘द ओरेगोनियन’ या वृत्तपत्राच्या संपादकांना पत्र लिहून, नऊ वर्षांच्या आपल्या मुलाला वाचनाची विलक्षण गोडी आहे, त्याला कोणती पुस्तके द्यावीत, अशी पृच्छा केली होती, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते निवर्तले. आज येथे बसलेल्या पालकांपैकी जे मुलांच्या गुणपत्रिकेविषयी शिक्षकांकडे वारंवार चौकशी करतात, त्यांनी एकदा तरी मुलाच्या वाचनाविषयी अशी चौकशी करून पाहावी. पुढे याच मुलाला शाळेने एका सक्तीच्या विषयाअभावी शालान्त प्रमाणपत्र नाकारले आणि ते त्याच्या हाती पडले १९६२ मध्ये, पहिल्या नोबेलनंतर आठ वर्षांनी.

पॉलिंग यांनी १९२२ पासून मृत्यूपर्यंत ४६ संशोधन-वह्या लिहिल्या. आकडेमोड, आकृत्या, फसलेले तर्क, पुढे खरे ठरलेले तर्क, सारे त्यांत आहे. आलेली पत्रे आणि पाठवलेल्या उत्तरांच्या कार्बन प्रती त्यांनी जपून ठेवल्या, आणि १९८६ मध्ये हा सगळा संग्रह, पत्नी एव्हा हेलन यांच्या कागदपत्रांसह, आपल्या पहिल्या महाविद्यालयाला, म्हणजे आजच्या ओरेगन स्टेट विद्यापीठाला देऊन टाकला. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातील असंख्य दिवसांविषयी, त्या दिवशी कोणाला काय लिहिले, कोणती आकडेमोड चालू होती आणि कोणत्या सभेचे निमंत्रण स्वीकारले, हे अभ्यासकाला आज एकाच जागी पाहता येते. सकाळी एखाद्या स्फटिकाच्या रचनेविषयी सहकाऱ्याला पत्र आणि दुपारी अणुचाचण्यांविषयी संपादकाला पत्र, असा हा क्रम होता. दोन्ही पत्रांतील काटेकोरपणा सारखाच होता, कारण आकडा चुकला तर दोन्हीकडे युक्तिवाद कोसळतो हे त्यांना ठाऊक होते.

या ठिकाणी या महाविद्यालयाच्या जुन्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेचा उल्लेख टाळता येणे कठीण आहे. किपच्या उपकरणाचा तो वास, काळ्या पडलेल्या ओट्यांवरील ब्युरेटच्या रांगा आणि शनिवारच्या प्रात्यक्षिकानंतर जर्नल तपासून घेण्यासाठी लागलेली झुंबड, हे आज पहिल्या रांगेत बसलेल्या निवृत्त प्राध्यापकांना नक्कीच आठवत असेल. त्या काळच्या विभागप्रमुखांचा नियम असा होता की, पानावर तारीख नसेल तर प्रयोग कितीही बरोबर असला तरी सही मिळणार नाही, आणि खाडाखोड रबराने पुसायची नाही, एका रेषेने खोडून शेजारी दुरुस्ती लिहायची. विद्यार्थ्यांना तो जाच वाटे. आपली चूक वाचता येईल अशी शिल्लक ठेवणे ही विज्ञानातील सचोटीची पहिली अट आहे, हे त्यांतील अनेकांना पुढे संशोधनात पडल्यावरच उमगले. हेच विभागप्रमुख गाव सोडून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक पत्राला अंतर्देशीय पत्राने उत्तर देत, आणि प्रस्तुत वक्त्याच्या संग्रही त्यांतील काही पत्रे अद्याप आहेत.

मूळ विषयाकडे वळायचे, तर १९५० च्या दशकात अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन ही राष्ट्रे उघड्या वातावरणात अण्वस्त्रांच्या चाचण्या करीत होती. अशा स्फोटातून उडालेली किरणोत्सर्गी धूळ वाऱ्याबरोबर देशोदेशी पसरते आणि पावसाबरोबर खाली येते. तिच्यातील स्ट्रॉन्शियम-९० हे मूलद्रव्य गुणधर्मांनी कॅल्शियमसारखे असल्याने गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत जाऊन बसते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, सुमारे २९ वर्षांचे असते. स्फोटांमुळे तयार होणाऱ्या कार्बन-१४ चे अर्धायुष्य तर सुमारे ५,७३० वर्षांचे. त्यामुळे अजून जन्मालाही न आलेल्या पिढ्यांवर होणाऱ्या परिणामांचे गणित मांडून पॉलिंग यांनी १९५८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहिला. ज्या वहीत रेणूंचे गणित होते तिच्याच शिस्तीचे हे गणित होते, आणि म्हणूनच विरोधकांना ते भावनावश माणसाचे बोलणे म्हणून उडवून लावता आले नाही.

१५ मे १९५७ रोजी सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील भाषणानंतर पॉलिंग यांनी बॅरी कॉमनर आणि एडवर्ड कॉन्डन या शास्त्रज्ञांच्या सहकार्याने अणुचाचण्या आंतरराष्ट्रीय कराराने थांबवाव्यात असे छोटेसे आवाहन तयार केले. त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती टपालाने रवाना झाल्या आणि काही आठवड्यांत सुमारे २,००० अमेरिकी शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. त्यानंतर पॉलिंग दांपत्याने हे काम कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील घरातून जगभर नेले. १९५८ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड यांच्याकडे आवाहन सोपवले गेले तेव्हा त्यावर ९,२३५ शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या, आणि पुढे ही संख्या ११,००० च्या वर गेली. कोणत्याही मोठ्या संघटनेचा पैसा नसताना केवळ पाकिटे, तिकिटे आणि चिकाटी यांच्या जोरावर हे उभे राहिले. यात एव्हा हेलन यांचा वाटा मदतनिसाचा नव्हता. शांततेच्या कामाकडे पॉलिंग यांना वळवणाऱ्या मुळात त्याच होत्या, आणि पत्नीच्या मनातील आपल्याविषयीचा आदर टिकून राहावा म्हणून आपण हे काम केले, असे पॉलिंग स्वतः सांगत.

या पत्रांची खरी कसोटी १९६० मध्ये लागली. अमेरिकी सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने, सिनेटर थॉमस डॉड यांच्या पुढाकाराने, पॉलिंग यांना जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये पाचारण केले. सह्या करणाऱ्यांची नावे संयुक्त राष्ट्रांकडे पोहोचलेलीच होती. समितीला हवी होती ती सह्या गोळा करून पाठवणाऱ्यांची नावे, म्हणजे पॉलिंग यांचा खासगी पत्रव्यवहार. ती नावे दिली तर आदर्शवादी तरुण शास्त्रज्ञांच्या नोकऱ्यांवर गदा येईल, असे सांगून त्यांनी दोन्ही वेळा नकार दिला. अवमानाबद्दल तुरुंगवास होण्याची शक्यता समोर दिसत असताना दिलेला हा नकार होता, आणि अखेर समितीला माघार घ्यावी लागली. स्वतःचे नाव प्रत्येक पत्राखाली ठळकपणे घालणारा हा माणूस दुसऱ्याचे नाव मात्र द्यायला तयार नव्हता, आणि विज्ञानाच्या इतिहासात यापेक्षा मोठ्या नैतिक धैर्याचे उदाहरण शोधून सापडणे अवघड आहे.

१९६२ च्या एप्रिल महिन्यात पॉलिंग दांपत्याने व्हाइट हाउससमोर फलक घेऊन चाचण्यांविरुद्ध निदर्शने केली आणि २९ एप्रिलच्या संध्याकाळी त्याच व्हाइट हाउसमध्ये नोबेल विजेत्यांसाठीच्या भोजनाला ते उपस्थित राहिले. अंशतः चाचणीबंदीचा करार १९६३ च्या ऑगस्टमध्ये मॉस्को येथे झाला, १० ऑक्टोबर रोजी तो अमलात आला, आणि १९६२ चे राखून ठेवलेले शांतता पारितोषिक पॉलिंग यांना जाहीर झाले तेही त्याच दिवशी. दूरध्वनी नसलेल्या आपल्या शेतावर ते असताना वनरक्षकाने येऊन मुलीचा निरोप असल्याचे कळवले आणि मग ही वार्ता त्यांना समजली. तोवर पासपोर्ट नाकारला जाणे, संशयाने पाहिले जाणे, ते काम करीत त्या संस्थेतील विभागप्रमुखपद सोडावे लागणे, हे सर्व भोगून झाले होते.

शास्त्रज्ञाने आपले मत जाहीरपणे मांडण्याची ही परंपरा महाराष्ट्र–गोव्याला परकी नाही. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जात, जागतिक शांतता चळवळीत काम करीत, आणि अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा या देशाला अधिक हितकर आहे असे मत, ते अप्रिय असतानाही, जाहीरपणे मांडीत. त्यांच्या लेखनाचा परिचय महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून विद्यार्थ्यांना अवश्य करून द्यावा, अशी समोर बसलेल्या ग्रंथपालांना विनंती आहे.

तरुणांनी कसे जगावे याविषयी प्रस्तुत वक्त्याचे एकच ठाम मत आहे आणि ते पुन्हा पुन्हा सांगण्यात संकोच नाही: रोज एक पान तारीख घालून लिहावे, आणि रोज एका तरी माणसाला स्वतःच्या नावाने, विचार करून पत्र लिहावे अथवा आलेल्या पत्राचे उत्तर द्यावे. ते पत्र टपालाने जावो की मोबाइलवरून, त्याची प्रत राहिली पाहिजे आणि खाली नाव असले पाहिजे. निनावी मत मांडणे सोपे असते. पण ज्याखाली आपले नाव आहे ते वाक्य लिहिण्यापूर्वी माणूस आकडा तपासतो, शब्द तोलतो आणि उद्या कोणी विचारले तर उत्तर द्यावे लागेल याची जाणीव ठेवतो. पॉलिंगही चुकले, १९५३ मध्ये डीएनएची तीन धाग्यांची चुकीची रचना त्यांनी प्रसिद्ध केली होती, आणि जीवनसत्त्व क विषयीचे त्यांचे नंतरचे दावे पुढील चाचण्यांत टिकले नाहीत. मात्र या चुकाही त्यांच्या नावाने आणि तारखेने नोंदलेल्या असल्यामुळेच इतरांना त्या तपासता आल्या. मागच्या रांगांत उभ्या असलेल्या बारावीच्या विद्यार्थ्यांनी परीक्षा तोंडावर असल्याचे कारण सांगू नये, कारण एका पानाला पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

प्राचार्यांना एवढेच निवेदन आहे की, आजच्या कार्यक्रमाचे मानधन पाकिटात न देता त्यातून शिवलेल्या बांधणीच्या, पाने फाडता न येणाऱ्या वह्या घ्याव्यात, येत्या जूनमध्ये अकरावीत प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींना त्या द्याव्यात, आणि पहिल्या पानावर प्रत्येकाने तारीख घालून सही केली आहे ना, हे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी पाहावे.